बातमी अजून टेबलावर आहे

आमच्या दैनिकाच्या कचेरीत साळवेसरांना कुणी घाबरत नसे, पण त्यांच्या एका प्रश्नाला सगळे घाबरत. प्रश्न दोन शब्दांचा होता. "कोण म्हणतं?"

तुम्ही उन्हातान्हात फिरून, चपला झिजवून बातमी आणा. सर चष्मा कपाळावर चढवणार, कागद नाकाजवळ नेणार, एखाद्या ओळीखाली लाल पेनानं रेघ ओढणार आणि अगदी मऊ आवाजात विचारणार, "हे कोण म्हणतं?" 'गावात चर्चा आहे' असं लिहिलं असेल तर म्हणायचे, "गावाला तोंडं लई. त्यातलं कोणतं बोललं?" 'विश्वसनीय सूत्रांनुसार' असं असेल तर, "त्या सूत्राला आईबापानं नाव ठेवलं असंल ना?"

मी शिकाऊ म्हणून लागले तेव्हा पहिलीच बातमी आमच्या मुकुंदवाडीतल्या पाण्याची होती. नळाला पाणी नाही, नागरिक संतप्त. सरांची रेघ 'नागरिक'खाली पडली.

"कोणता नागरिक?"

"सगळेच आहेत, सर."

"एक सांग."

मी घाबरून म्हटलं, "माझे वडील."

"ते संतापलेत?"

"लई."

"मग त्यांचं नाव घाल आणि जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी वडिलांचं नाव छापून आलं. त्यांनी तो अंक कंपनीत नेला, शेजारी दाखवला, आणि पुढं कितीतरी दिवस कुणी भेटलं की पाण्यावरून संतापून दाखवत. सरांबद्दल त्यांचं मत तेव्हाच बनलं. आमच्या घरात बुद्धवंदना होते आणि 'पाहिल्याशिवाय मानायचं नाही' हे वडिलांचं आवडतं वाक्य. "तुझा तो साळवे आपल्यातलाच दिसतो," ते म्हणाले. मी सांगितलं, ते ख्रिस्ती आहेत. वडील जरा हिरमुसले. "मग हे विचारणं कुठून आलं त्याच्यात?" हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला आणि अजून सुटलेला नाही.

याकोब साळवे. उंच, सुकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात काचेचा एक जाड पेपरवेट होता आणि ज्या बातमीला नाव मिळालं नाही ती त्याच्याखाली जायची. संपादकांचा फोन आला की सर सांगत, "बातमी अजून टेबलावर आहे." यात चिडचिड नसे. दवाखान्यात 'पेशंट अजून आत आहे' सांगतात त्या सुरात ते सांगत.

'नक्की' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. बाहेर पाऊस आहे का असं विचारलं तर खिडकीपर्यंत चालत जायचे, बघायचे आणि मग म्हणायचे, "इथून तरी दिसतोय." जेवलात का असं विचारलं तर डब्याकडं नजर टाकून "हो" म्हणायचे, आणि यावर आमचा ऑपरेटर भालेराव खदाखदा हसायचा. हा भालेराव अंकाची पानं लावायचा आणि दिवसभर कुणाची ना कुणाची फिरकी घ्यायचा.

एकदा मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या कडुनिंबातून दूध गळायला लागलं. निदान व्हॉट्सअॅपवर तरी गळायला लागलं. दुपारपर्यंत झाडाला हळदकुंकू, नारळ, रिक्षांची रांग. कुणी म्हणे गोड आहे, कुणी म्हणे अमृत आहे. दुसऱ्या बाजूला अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे कार्यकर्ते पत्रक घेऊन कचेरीत हजर, की हे थोतांड आहे असं छापा. सर म्हणाले, "चल वंदना, बघून येऊ."

गर्दीत शिरून सर प्रत्येकाला विचारू लागले, "गोड आहे?" "हो, एकदम साखर!" "तुम्ही चाखलं?" "आम्ही नाय, पण ह्यांनी चाखलं." ह्यांना विचारावं तर त्यांना त्यांच्या मेहुण्यानं सांगितलेलं. मेहुणा चिकलठाण्याला. अशी ती गोडी एकाकडून दुसऱ्याकडं सरकत होती आणि कुणाच्याच जिभेवर थांबत नव्हती. पत्रकवाल्यांना विचारलं, तुम्ही चाखलं? ते म्हणाले, त्याची गरजच नाही. मग सरांनी खोडावरून ओघळणारा तो पांढरट चीक बोटावर घेतला आणि सगळ्यांसमोर चाटला. थोडा वेळ तोंड हलवत उभे राहिले.

"काय, सर?"

"गोडसर आहे," ते म्हणाले, आणि त्यांनाच मोठं आश्चर्य वाटलेलं दिसलं.

बातमी तशीच गेली: आमच्या प्रतिनिधीने चाखले असता गोडसर लागले, कारण झाडांचे जाणकार सांगू शकतील. भाविक भडकले, कारण आम्ही 'अमृत' लिहिलं नाही. कार्यकर्ते भडकले, कारण आम्ही 'गोडसर' लिहिलं. सर म्हणाले, "दोघं चिडले म्हणजे आपण बहुतेक बघून लिहिलंय."

सरांच्या कुतूहलाची गंमत अशी की ते कुतूहल स्वतःच्या घरालाही सोडत नसे. नाताळात सर सुशीलामावशींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातच्या करंज्या आणत. एका नाताळात भालेरावनं करंजी तोंडात कोंबत विचारलं, "सर, आम्हाला तुम्ही उठता बसता विचारता, कोण म्हणतं. मग येशू मेल्यावर तिसऱ्या दिवशी उठला, हे कोण म्हणतं?"

सगळे हसले. मला वाटलं, आता काहीतरी बिनसणार. सर मात्र हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एक करंजी उचलून तिच्याकडं बघत म्हणाले, "बायबलातले चार जण म्हणतात. चौघांचं एकमेकांशी जुळत नाय. म्हणून ती बातमी अजून टेबलावर आहे."

भालेरावचं हसू मावळलं. माझं कुतूहल मात्र तिथंच जागं झालं. चर्चला जाणारा, जेवणाआधी डोळे मिटणारा माणूस आपल्या धर्माचा पायाच पेपरवेटखाली ठेवतो, हे मला नवीन होतं. मी चहाला त्यांच्या मागं लागले.

"अर्धी बातमी छापायला हरकत नाय," त्यांनी खाली टपरीवर मला समजावलं. "तो होता, आणि त्याला सुळावर दिला, हे मित्रही सांगतात नि ज्यांना ही मंडळी डोळ्यांत खुपायची तेही सांगतात. एका रोमन इतिहासकारानं या पंथाला शिव्या घालत घालत लिहून ठेवलंय, की ह्यांच्या म्होरक्याला सुभेदारानं मारलं. वैरी साक्षीला आला की मी पेपरवेट उचलतो. शिवाय आपला देव गुन्हेगारासारखा मारला गेला, हे कुणी हौसेनं रचत नाय. लाजिरवाणं होतं ते."

"आणि दुसरी अर्धी?"

"तिथं सगळे घरचेच साक्षीदार. लिहिलं तेही बऱ्याच वर्षांनी." त्यांनी चहा बशीत ओतला. "पण घरचे म्हणून खोटे, असंही नसतं ना. तुझे वडील घरचेच होते की."

मग लोखंडे गुरुजींचं प्रकरण झालं. आमच्या कचेरीत आजवर घडलेली ही सगळ्यांत मोठी घटना, आणि ती घडली तेव्हा सर नेमके भाचीच्या लग्नाला जालन्याला गेलेले. सोयगावच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोखंडे गुरुजी गेल्याचं आलं. खाली सगळ्या ग्रुपनं हात जोडलेले, भावपूर्ण श्रद्धांजली वाहिलेली. आमच्या सोयगावच्या वार्ताहरानं ते पुढं ढकललं, गुरुजींचा फोटो मिळवला, आणि डेस्कवर 'कोण म्हणतं' विचारायला कुणी नसल्यानं आम्ही ते दोन स्तंभांत छापलं. गेले होते ते गुरुजींचे चुलतभाऊ.

दुसऱ्या दिवशी आमची शकीलाबी जिना झाडता झाडता वर आली आणि झाडू हातात धरून दारात उभी राहिली. "साब, पेपर में मरे सो गुरुजी नीचे खड़े हैं. चाय कू पूछ रहे."

उपसंपादक देशपांडे म्हणाले, "शकीलाबी, सुबह सुबह मजाक नक्को करो." आम्ही सगळे हसलो. ती पदर सावरत म्हणाली, "मैं काय कू मजाक करूं? तुम देखो ना जाके." कुणी उठलं नाही. आणि मग जिन्यावर काठीचा आवाज आला.

धोतर, टोपी, बगलेत आमचा अंक. गुरुजी सोयगावहून सकाळच्या एसटीनं आले होते. देशपांडे उभे राहिले आणि पुन्हा बसले. "अहो, बघता काय?" गुरुजी म्हणाले. "हात लावून बघा." भालेरावनं खरंच त्यांच्या मनगटाला हात लावला. मग गुरुजी खुर्चीत बसले, त्यांनी भजी मागवली आणि आमच्या डोळ्यांदेखत खाल्ली. देशपांडे दिलगिरी छापू असं बोलू लागले तेव्हा त्यांना हातानंच थांबवून म्हणाले, "मी मेलो एवढंच मागं घ्या. बाकी चांगलं लिहिलंय, ते राहू द्या."

सर परत आल्यावर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पहिल्यांदा वार्ताहराला फोनवर सोलून काढलं, ते वेगळं. पण नंतर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी अधाशीपणाच म्हणेन. प्रत्येकाला एकेकटं गाठून ते विचारत होते. तू कुठं बसला होतास? आधी काय दिसलं, काठी की माणूस? शकीलाबीला तर त्यांनी जिन्यावर नेऊन उभं केलं आणि गुरुजी कुठं उभे होते ते बघितलं.

"येशूच्या बातमीतही असंच आहे," ते मला म्हणाले. "पहाटे बायका गेल्या, थडगं उघडं दिसलं, येऊन सांगितलं, तर गड्यांनी त्यांना वेड्यात काढलं. त्या काळी बाईची साक्ष फार कुणी धरत नसे. मला जर खोटी बातमी रचायची असती तर मी पहिला साक्षीदार देशपांडे घेतला असता. शकीलाबी नसती घेतली."

"मग झालं की, सर! उचला पेपरवेट."

"थांब जरा. त्या चौघांतल्या सगळ्यांत जुन्या शुभवर्तमानात त्या बायका घाबरून कुणाला काही सांगतच नाहीत, आणि तिथंच ते संपतं म्हणतात. पुढचं नंतर कुणीतरी जोडलेलं. मग आपल्याला कळलं कसं?" आणि मग हळूच, "आणि आपला गुरुजी मुळात मेलाच नव्हता, पोरी. तो आपल्या छापण्यात मेला होता. फरक तिथं आहे."

मी छावणीतल्या त्यांच्या घरी गेले ती त्यानंतर. दार मावशींनी उघडलं. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढलेली, ठेंगणी, ठसठशीत बाई. "ये. तू वंदना ना? कोण म्हणतं असं मी विचारणार नाही, आत ये."

मला त्या पहिल्याच भेटीत आवडल्या. चुलीवर, म्हणजे गॅसवर, त्यांचं एक काम चालू असे आणि तोंडानं नवऱ्याच्या खोडींची उजळणी. त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली. ईस्टरच्या, म्हणजे येशू उठल्याच्या सणाच्या दिवशी सूर्य उगवायच्या आत ही सगळी मंडळी कब्रस्तानात जमतात. आदल्या दिवशी कबरी धुतलेल्या, चुना दिलेला, झेंडूच्या माळा, मेणबत्त्या. त्यांचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, मोठ्यानं म्हणतात, "प्रभू उठला आहे!" आणि सगळे एकसाथ ओरडतात, "खरोखर उठला आहे!"

"सगळे म्हणजे, हे सोडून," मावशी म्हणाल्या. "लग्नानंतरचा पहिला ईस्टर. सासरची सगळी माणसं उभी. मी ओरडले, शेजारी बघितलं तर हे तोंड मिटून. मला वाटलं घसा बसलाय. दुसऱ्या वर्षी पण घसा बसला. मग कळलं."

सर खिडकीजवळ पेपर वाचत होते. पेपरामागून म्हणाले, "'श्रद्धावानांच्या मते उठला आहे' असं म्हणायला मी तयार होतो."

"कबरीपाशी कुणी सूत्रांच्या हवाल्यानं बोलत नाय," मावशी कडाडल्या. मग माझ्याकडं वळून, हसू तसंच ठेवून म्हणाल्या, "आधी मला लाज वाटायची. बायका कुजबुजायच्या. आता लाज नाही वाटत. पण माझे आईवडील तिथं आहेत, आमचं पहिलं बाळ तिथं आहे. त्या बाळाच्या कबरीपाशी यांच्या तोंडून एकदा 'खरोखर' ऐकायचंय मला. दोन हजार वर्षं झाली बातमीला. किती दिवस टेबलावर ठेवणार?"

पेपर खाली आला. बाळाचं मला तोवर माहीत नव्हतं.

"पण उसनं नको," मावशींनी बजावलं. "मला बरं वाटावं म्हणून म्हणाल तर मी ओळखीन."

त्यानंतर मी तिथं वारंवार जाऊ लागले. कधी मावशींच्या हातच्या शेवयांसाठी, पण खरं म्हणजे त्या दोघांचं हे भांडण ऐकायला. इतकं सरळ आणि इतकं मायेचं भांडण मी दुसरं पाहिलेलं नाही. सर रोज काहीतरी नवीन साक्षीला आणत. एक दिवस त्यांनी आपलंच नाव आणलं. येशूच्या भावाचं नाव याकोब. येशू जिवंत होता तोवर या भावाला काही पटलं नव्हतं, असं त्यांच्याच लोकांनी लिहून ठेवलंय. आणि पुढं हाच याकोब यरुशलेमच्या ख्रिस्ती मंडळीचा पुढारी झाला आणि त्यापायी मारला गेला. "मध्ये काय झालं?" सर विचारत. "परक्याला गंडवता येतं. भावाला? एकत्र वाढलेल्या भावाला? हा एक साक्षीदार मला सोडत नाय."

"घरच्या माणसाला पटवणं काय असतं ते मला विचारा," मावशी म्हणत.

आणि दुसऱ्या दिवशी सर उलट बाजूचा साक्षीदार आणत. त्यांचे वडील गेल्यावर आईला ते कितीतरी महिने ओट्यावर बसलेले दिसायचे. ती त्यांच्याशी बोलायची, पाणी नेऊन ठेवायची. "आई खोटं बोलत नव्हती," सर म्हणाले, "आणि बाबा ओट्यावर नव्हते. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. दुःखात माणसाला दिसतं. मग त्या बिचाऱ्यांना काय दिसलं?"

"एकाला दिसंल. सगळ्यांना एकदम?"

"त्या कडुनिंबाखाली सगळेच होते की, सुशीला."

"पण तुम्ही चाखलं तर गोड लागलं ना?"

सर इतके मनापासून हसले की चष्मा कपाळावरून घसरून नाकावर आला.

एकदा मावशी आत असताना ते मला म्हणाले, "हिला मी दवाखान्यात बघितलंय. पेशंटचा मुलगा विचारायचा, सिस्टर, बरे होतील ना? बाकीच्या सगळ्या हो म्हणायच्या. ही म्हणायची, नाही रे, पण मी इथं आहे. आणि रात्रपाळी संपली तरी बसून राहायची. खोटं न बोलणारं माणूस मी आयुष्यात हे एकच पाहिलं, आणि नेमकं तिच्याशीच माझं या एका बाबतीत जमत नाय."

सरांच्या निरोपसमारंभात कुणीतरी लोखंडे गुरुजींची गोष्ट काढली. मधे काही वर्षं गेली होती. देशपांडे म्हणाले, गुरुजी मुलाला घेऊन आले होते. भालेराव म्हणाला, छे, एकटेच, आणि गळ्यात स्वतःच घातलेला हार होता. जाहिरात विभागातला शिंदे, जो त्या दिवशी कचेरीत होता की नाही याचीच मला शंका आहे, म्हणाला की गुरुजींनी कांदाभजी खाल्ली. शकीलाबी म्हणाली, "कांदे के नक्को बोलो, आलू के थे." मला तर मिरचीची आठवतात. वाद असा रंगला की सरांना द्यायची शाल तशीच राहिली. सर पहिल्या रांगेत बसून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा सत्कारापेक्षा या वादानंच उजळला होता.

बाहेर पडताना त्यांनी मला थांबवलं. "ऐकलंस? चौघांचं जुळलं नाय."

"पण गुरुजी आले होते, सर. ते खरं आहे."

"कशावरून?"

"मी होते तिथं! मी बघितलं."

"तू बघितलंस. मी नव्हतो. मी जालन्याला जेवत होतो." ते क्रांती चौकाच्या गर्दीकडं बघत राहिले. "तरी मी म्हणतो, गुरुजी आले होते. भजीचं मला काही ठाऊक नाय. पण आले होते, हे मी छातीवर हात ठेवून म्हणीन. कशाच्या जोरावर? तुझ्या नि शकीलाबीच्या."

मला वाटलं, आता पेपरवेट उचलला जाणार. पण ते लगेच म्हणाले, "आणि तुला मी विचारू शकतो, हे विसरू नको. त्या बायकांना कुठं विचारू?"

मग मावशींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिस, बाकीचे दिवस खिडकीजवळची खाट. स्वतः नर्स असल्यानं त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं. एका संध्याकाळी मी गेले तर त्या सरांना म्हणत होत्या, "अहो, हा ईस्टर मी काही बघत नाही. बातमी टेबलावरच ठेवून जाऊ का?" स्वर चेष्टेचा होता, पण डोळ्यांत चेष्टा नव्हती.

सर उठून बाहेर अंगणात आले. मी मागोमाग गेले. इतकी वर्षं मी या माणसाला कोणत्याही मंत्र्यापुढं, मालकापुढं डगमगताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पेरूच्या झाडाला हात टेकला.

"वंदना, म्हणून टाकू का? एकदाच. तिला बरं वाटंल. कुणाचं काय जातंय?"

माझ्या तोंडावर 'म्हणा ना, सर' आलं होतं. मला मावशींना हसलेलं बघायचं होतं. पण मी म्हणाले, "त्यांना कळेल."

"व्हय," ते म्हणाले. "नाडी धरंल ती." आणि लहान मुलासारखे ओठ आवळून उभे राहिले.

आम्ही आत गेलो. ते खाटेवर बसले, मावशींचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अजून नाय गं, सुशीला. लई प्रयत्न केला. अजून नाव सापडत नाय."

मावशी सुईच्या खुणांनी काळानिळा पडलेला हात त्यांच्या हातावर थोपटत म्हणाल्या, "बरं. खरं बोललात. मी मरणं पुष्कळ पाहिलीत. मेलेला माणूस कसा दिसतो ते मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी मी म्हणते, उठला आहे. तुमचं तुम्ही बघा." आणि मला म्हणाल्या, चहा टाक. मी स्वयंपाकघरात जाऊन, गॅस पेटवायच्या आधी, पोटभर रडले.

होळीच्या आधी त्या गेल्या. बाळाच्या शेजारी त्यांना ठेवलं.

त्या ईस्टरला मी गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. सर एकटे उभे राहतील हे मला सहन होईना, एवढंच. मला ते तिथं भेटले ते शेवटचं. पुढं त्यांची मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली आणि फोनवर त्यांना ऐकू येईनासं झालं.

अंधार विरत होता. चुन्यानं कबरी पांढऱ्याफटक झाल्या होत्या, झेंडूचा आणि मेणाचा वास एकत्र झाला होता. मावशींची कबर अजून मातीचीच होती. सर तिच्याजवळ उभे होते, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी मान हलवली.

पाळकांचा आवाज आला. "प्रभू उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" आजूबाजूची सगळी माणसं ओरडली. म्हाताऱ्या बायका, पोरं, गळ्यात मोबाईल अडकवलेले तरुण. मी सरांच्या तोंडाकडं बघत होते. ओठ मिटलेले. पाळकांनी पुन्हा पुकारलं, लोक पुन्हा ओरडले. सरांचे ओठ हलले नाहीत. मला त्यांचा राग आला, हे मी लपवत नाही. आता तर ऐकायला मावशी नव्हत्या, नाडी धरायला त्या नव्हत्या, मग एका शब्दानं काय बिघडलं असतं?

प्रार्थना झाली. लोक एकमेकांना शुभेच्छा देत, मुलांना गोळा करत फाटकाकडं निघाले. ऊन भिंतीवरून आत आलं. सर वाकले, मातीवर पडलेली एक मेणबत्ती सरळ केली, तिच्याभोवती माती दाबली. हात झटकून ताठ उभे राहिले. मग त्यांनी घसा साफ केला आणि पान लावायला घेताना भालेरावला मथळा सांगायचे त्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून, म्हणाले,

"सुशीला साळवे म्हणतात, उठला आहे."

बाजूनं जाणारी एक बाई थबकली, बघून पुढं गेली. मी विचारलं, "सर, मग बातमी?"

चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकदा त्या मातीकडं पाहिलं, एकदा शेजारच्या छोट्या कबरीकडं.

"नाव घातलंय," ते म्हणाले. "जाऊ दे."